चोपणाची ओवाळणी

माझ्या वावराच्या खालच्या अंगाला एक तुकडा आहे. त्यात वेड्या बाभळीशिवाय काही येत नाही. कालव्याला पाणी सुटलं तसा आम्ही सगळ्यांनी ऊस धरला. उसाला पाणी बेतानं द्यायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. दारं धरायला गेलं की वाफे तुडुंब भरूनच घरी यायचं. ते पाणी खाली मुरलं आणि खालचं मीठ घेऊन वर आलं. दिवाळी सरून ऊन तापायला लागलं की तो तुकडा पांढराफटक पडतो, पिठाची गोणी सांडावी तसा. पाऊस झाला की तीच जमीन साबणासारखी निसरडी. याला आम्ही चोपण म्हणतो. सरकारी कागदात काय म्हणतात ते शिकलेल्यांना ठाऊक. मी चौथीपर्यंत गेलो, आणि चौथी मला पटली नाही.

टपरीवर चहाला गेलो की कुणीतरी विचारणारच, “आबा, यंदा मीठ काय भावानं काढताय?” दुसरा म्हणायचा, “आबांच्या शेळ्यांची चैन हाय, खडा चाटवायला नको.” मी चहा संपवायचो आणि उठायचो. दोनदा गिऱ्हाईक आलं होतं, बाभळीच्या सरपणासकट मागत होतं. दिली नाही. चांगली जमीन कुणीही राखतो. वाईट जमीन राखायला छाती लागते असं माझं मत आहे. घरात ते कुणाला पटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी स्कूटीवर आली. डोक्याला स्कार्फ, पाठीला पिशवी, पुढं थर्माकोलचा डबा. मी बांधावर लिंबाखाली बसलो होतो. मला वाटलं, आली जमीन दुरुस्तीवाली. असे लोक अधूनमधून येतात, चर काढा म्हणतात, जिप्सम टाका म्हणतात, फोटो काढतात आणि जातात.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, “आमाला दुरुस्त करायची न्हाई.”

“मलाही नाही करायची आबा. मला अशीच हवीय. जितकी खराब असेल तितकी बरी.”

मी उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या तुकड्याला असं कुणी मागितलं नव्हतं. मुलगी बघायला आलेले पाहुणे काळ्या पोरीला बघून “हीच पाहिजे” म्हणाले तर बापाला काय वाटेल, तसं झालं. मी तिला स्वतः घेऊन गेलो, कुठं मीठ जाड फुलतं ते दाखवलं. तिनं हातात मोजे चढवले आणि लहान चमच्यानं माती पिशवीत भरून डब्यात बर्फावर ठेवली. ती कॉलेजात मोठ्या डिग्रीचा अभ्यास करत होती. मिठात राहणारे जंतू शोधत होती.

मी म्हणालो, “पोरी, लोनच्यात मीठ कशाला घालत्यात? त्यात काही जगू नये म्हनून. तू भलत्या ठिकानी आलीस.”

ती हसली. “बाकीचे मरतात आबा. पण काहींना मीठच लागतं. त्यांना गोड्या पाण्यात टाकलं तर फुटून मरतात.”

“आमच्या गावात अशी मानसं हायेत,” मी म्हणालो.

मग तिनं सांगितलं की अशा जागी जगायचं म्हणजे त्या जंतूंना नाना युक्त्या कराव्या लागतात. शेजाऱ्याला हटवायला, उन्हातून वाचायला ते अंगातून काहीबाही रस काढतात. तो रस वेगळा करून कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा. काही रसांनी त्या पेशी मरतात.

“मरत्यात?”

“मरतात. पण काचेच्या ताटलीत, आबा. ताटलीत तर फिनेलनंही मरतात. चांगल्या पेशी सोडून वाईट तेवढ्याच मारणारं काही सापडलं, तर मग ते उंदरांवर बघायचं, मग कितीतरी वर्षांनी माणसांवर. बहुतेक सगळे वाटेतच गळतात.”

हे ती दोनदा म्हणाली. मला “मरतात” एवढं ऐकू आलं. तिला मी ताक पाजलं आणि तिचा नंबर माझ्या फोनात तिच्याकडूनच भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. मी एवढंच म्हणालो, “आमच्या चोपनात कॅन्सरचं औषध निघालंय. कॉलेजातली मानसं बर्फात घालून घेऊन गेली.” टपरीवाल्यानं साखर जास्त घातली. पुढच्या आठवड्यात सोनईच्या बाजारात एकानं मला थांबवून विचारलं, ती माती गुडघ्याला चालते का. मग एकदा सकाळी बघतो तर तुकड्यात खड्डा. कुणीतरी घमेलं भरून नेलं होतं. मी त्याच दिवशी बाभळी तोडल्या आणि चारी बाजूंनी काटे लावले. ज्या जमिनीत गुरंसुद्धा शिरत नव्हती तिला मी कुंपण घातलं. आमच्या मंडळी, म्हणजे बायको, म्हणाल्या, “घराच्या मागचं कुंपन मोडून कधीचं पडलंय, ते ऱ्हाऊ द्या.”

मी ते राहू दिलं.

आता आक्काचं सांगतो. आक्का माझी थोरली बहीण. तिला पाथर्डीकडं दिलेली. तिकडं पाण्याची वानवा, पाऊस चुकला की अर्धा गाव ऊसतोडीला जातो. आयुष्यभर तिनं मला एकच टोमणा मारला: “आमची जमीन पान्यावाचून मेली, तुमची पानी पिऊन मेली. आमच्यापेक्षा तुमी बिनडोक.” याला उत्तर नाही म्हणून मी कधी दिलं नाही. औषधाची बातमी मात्र मी तिला लगेच फोनवर दिली. ती म्हणाली, “बरं झालं. कुनाच्या तरी कामाला आला तू.”

पावसाळा सरता सरता तिच्या छातीत गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता इंजेक्शनं घ्यायची, अंतरानं घ्यायची, पण एकही चुकवायचं नाही. पहिलं घेतल्यावर तिला ओकाऱ्या झाल्या, केस गळाले, तोंडाची चव गेली. काही खाल्लं तरी राख खाल्ल्यासारखं लागतंय म्हणायची. दिवाळीला ती डोक्याला पदर घट्ट बांधून माहेरी आली, आणि आल्या आल्या सांगून टाकलं की आता इंजेक्शन बंद.

भाच्यानं मला बाजूला घेतलं. चांगला बापई गडी, जीप चालवतो, पण आईचं नाव काढलं की डोळे भरतात. “मामा, पुढची तारीख भाऊबीजेच्या पाठोपाठ हाय. आई म्हनती, माझ्या भावाच्या वावरात औषध हाय, मला इंजेक्शनच्या त्या लाल पान्याची गरज न्हाई. तिला तुमीच सांगा. तुमचं ऐकंल.”

ती माझं ऐकेल हे तो कशावरून म्हणाला देव जाणे. आमच्या घराण्यात कुणी कुणाचं ऐकत नाही.

मी गोठ्यामागं जाऊन त्या पोरीला फोन लावला. आडवळण न घेता विचारलं, “माझी माती खाल्ली तर काय हुईल?”

“आबा! कोणी खाल्ली?”

“अजून कुनी न्हाई.”

“खाऊ देऊ नका. त्यात सोडा असतो, पोट जाळेल. आणि कोणाची किमो चालू असेल तर त्यांच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद नसते. माती पोटात जाणं त्यांना फार धोक्याचं.”

मग मी आक्काचं सगळं सांगितलं. लाल पाण्याचं सांगितलं. तिनं विचारलं, “लाल म्हणजे, ज्यानं लघवीसुद्धा लाल होते तेच ना?”

“तेच. लई भ्याली त्याला.”

“आबा, त्यांना सांगा, ते औषध मातीतूनच आलंय. मातीतल्या एका जंतूपासून. खूप वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा मातीत सापडलं, सगळ्या परीक्षा पास झालं, म्हणून आज देतात.”

“खाऱ्या मातीत?”

“नाही. साध्या.”

हे मला लागलं. मी विचारलं, “मग आपल्या मातीचं काय झालं?”

“तुमच्या मातीतला एक चांगला वाटतोय. त्याच्या रसानं वाईट पेशी मेल्या. पण चांगल्याही मेल्या. आता नेमकं कशानं मेल्या ते शोधतेय. अजून ते औषध नाही आबा. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. मी फोन खिशात घातला आणि म्हशीच्या अंगावर उगीचच हात फिरवत उभा राहिलो. पंचाईत अशी होती की आमच्या घरात भाऊबीजेची एक रीत आहे. दुसरीकडं भाऊ पाकीट काढतो आणि नोट तबकात टाकतो. आमच्याकडं भावानं विचारायचं, “काय घालू?” आणि बहीण मागेल ते द्यायचं. आक्कानं आजवर माझ्याकडून म्हशीची पारडी नेली, बापाचा अडकित्ता नेला, एका वर्षी तर आमच्या दारातला पाटा नेला, ती आणि भाचा जीपमध्ये चढवताना घामाघूम झाले होते. मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. या वर्षी ती काय मागणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

भाऊबीजेला मी पाटावर बसलो. भोवती रांगोळी. आक्कानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनाचं तबक घेऊन ओवाळलं. भाचा दाराला टेकून उभा. मंडळी तुपाची वाटी घेऊन बाजूला.

मी विचारलं, “काय घालू आक्का?”

“चोपनातली पाटीभर माती.”

“न्हाई.”

“काय म्हनला?”

“न्हाई म्हनलो.”

तिनं तबक तसंच धरलं. “ओवाळनीला न्हाई म्हनतो? बापानं म्हनलं नसतं.”

“बापाकडं चोपन नव्हतं. दुसरं काय बी माग.”

“दुसरं नको. मग मी तबक खाली ठेवत न्हाई.”

“नको ठेवू. मी बी पाटावरनं उठत न्हाई.”

“बस. तिथंच जेव, तिथंच झोप.”

असे आम्ही दोघं. ती उभी, मी बसलेला. निरांजन फडफडायला लागलं तेव्हा मंडळींनी त्यात तूप घातलं आणि म्हणाल्या, “चालू द्या तुमचं. तूप घरचं हाय.”

आक्का म्हणाली, “साऱ्या गावाला सांगत फिरतो, माझ्या मातीत औषध हाय. भैनीला म्हनलं की काटे लावतो व्हय?”

“हाय की औषध. उसात साखर असती तसं हाय. ऊस दारात पडला म्हनून पेढा हुतो का? त्याला साखर कारखाना लागतो.”

“पेढा न्हाई हुत, पर ऊस चावला तर गोड लागतोच ना? मी चावून बघते.”

भाचा हसला. माझ्याच उसानं मला मारलं. मग मी खरं ते सांगायला घेतलं, आणि ते सांगताना माझी मान आपोआप खाली गेली.

“आक्का, माझ्या मातीला अजून मानूस वळखता येत न्हाई. तिनं वाईट पेशी मारल्या तशा चांगल्या बी मारल्या. तिचं शिक्षान चालू हाय. माझ्यावानीच हाय ती, कुठल्या इयत्तेत बसंल सांगता येत न्हाई. आनि आत्ता तुझ्या अंगात भांडायची ताकद न्हाई, माती पोटात गेली तर तुलाच मारंल.”

“आनि ते लाल पानी? ते मला वळखतंय?”

“ते पास झालंय. ते बी मातीतलंच हाय.”

“गप. काय बी सांगू नको.”

“पोरीनं सांगितलं. मातीतल्या जंतूचंच औषध हाय ते.”

आक्काच्या हातातलं तबक जरा खाली आलं. “कुनाच्या मातीतलं?”

“लांबच्या. परदेशातल्या.”

“चोपन हुतं?”

“न्हाई. साधी जमीन.”

“म्हंजी,” आक्का सावकाश म्हणाली, “त्याची माती तुझ्या मातीपरीस भारी.”

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचा ऊस माझ्या डोक्यावरून गेला होता, तेव्हाही मी म्हणालो होतो की त्याची जमीन खोलगट आहे म्हणून तसं दिसतं. दुसऱ्याची जमीन भारी हे शब्द माझ्या तोंडातून कधी निघालेच नव्हते. मी कुंकवाची वाटी बघितली, रांगोळी बघितली.

“व्हय,” मी म्हणालो. “भारी हाय.”

आक्का हसायला लागली. तबक हलायला लागलं, निरांजन विझतंय की काय असं झालं, मंडळींनी पुढं होऊन ते धरलं. गाठ निघाल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता खाली बसली, पदर सरकला, आणि तिचं गुळगुळीत डोकं आम्हाला पहिल्यांदा दिसलं. तिनं ते झाकलं नाही.

मग म्हणाली, “अरं, मला मरायची हौस न्हाई. ते लाल पानी नळीतनं येताना बघितलं की वाटतं, दुसऱ्या कुनाचं रगत आपल्यात घालत्यात. मला ते बघवत न्हाई. आनि लेक शेजारी बसून रडतो. त्याला गप करू का माझं बघू?”

“मग काय करायचं बोल.”

“तू चल. तू बस माझ्यापाशी. हीच ओवाळनी.”

मी आजवर कधी दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. पडलो, विंचू चावला, दात किडला, सगळं घरी निस्तरलं. याचा मला अभिमान होता आणि तो मी लोकांना ऐकवतही असे. आक्काला हे पक्कं ठाऊक होतं. माती मागून ती नाही म्हणवून घेणार आणि मग दुसरं हे मागणार, असं तिनं आधीच ठरवलं होतं की काय, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर “व्हय” म्हणेल, खोटं असलं तरी.

“येतो,” मी म्हणालो; मंडळी आणि भाचा साक्षीला होते, आता मागं फिरता येत नव्हतं. मी पाटावरून उठलो.

तारखेला आम्ही एसटीनं नगरला गेलो. भाचा जीपनं न्यायला तयार होता, पण आक्काला एसटीच हवी होती. तिच्या वयाला तिकीट माफ आहे, मला अर्धं पडतं. कंडक्टरसमोर तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं, तोंडाला बांधलेल्या फडक्यातून.

दवाखान्यात खुर्च्यांची रांग होती. नर्सबाईंनी लाल औषधाची मोठी सिरिंज आणली तशी आक्कानं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. पकड अजून चांगली आहे तिची. मी त्या औषधाकडं बघितलं. दुसऱ्याच्या वावरातलं पीक बघावं तसं नीट बघितलं, दोष सापडतो का ते.

“कसं हाय?” तिनं डोळे न उघडता विचारलं.

“डाळिंबाच्या रसावानी. रंग बरा आलाय.”

“बरा का चांगला?”

“चांगला.”

“जळतंय तुझं.”

“जळतंय,” मी म्हणालो. “तू हात हलवू नको.”

नर्सबाईंना मी विचारलं, हे कुठल्या मातीतलं. त्या म्हणाल्या, “बाबा, हे कंपनीतून येतं.” मी म्हणालो, “त्याच्या आधी?” त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “पेशंट कोण, तुम्ही की त्या?” आक्काला इतकं हसू आलं की बाईंना तिला स्थिर बसा म्हणून दटावावं लागलं. औषध हळूहळू आत गेलं. संपलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि रिकामी सिरिंज बघून म्हणाली, “झालं? एवढंच?” मागच्या वेळीही एवढंच होतं. पण तेव्हा ती एकटीनं सोसत होती, आणि वर लेकाचे डोळे पुसत होती.

पुढची सगळी इंजेक्शनं मी तिच्याजवळ बसून बघितली. ओकाऱ्या झाल्याच. एकदा ताप चढून रात्रभर ठेवून घ्यावं लागलं, त्याचं मी इथं लिहीत नाही. पण तारीख एकही चुकली नाही. त्या पोरीलाही मी दर वेळी फोन करायचो. तिचं काम चालू आहे. मधे तिचा एक रस वाया गेला, दुसरा धरलाय. मी तिला म्हणालो, घाई करू नको, जमीन कुठं पळून जात नाही.

इंजेक्शनं संपल्यावर काही दिवसांनी डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं. सगळं बघून म्हणाले, सध्या ठीक आहे, पण येत राहायचं. सध्या म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. आक्कानंही विचारलं नाही. तिच्या डोक्यावर बारीक काळेपांढरे केस आले होते आणि ती ते कुणालाही हात लावू देत नव्हती.

परत येताना जीप थांबवून आम्ही एका चिंचेखाली बसलो. मंडळींनी फडक्यात भाकरी आणि मेथीची सुकी भाजी बांधून दिली होती. मी आक्कापुढं भाकरी मोडून ठेवली. इतके दिवस ती घास तोंडात घेऊन बसायची आणि राख म्हणून पाण्याबरोबर गिळायची, त्यामुळं मी आणि भाचा दुसरीकडं बघत होतो.

तिनं घास चावला. थांबली. पुन्हा चावला.

“भाकरी कुनी केली?”

“घरच्यांनी.”

“करपलीय. खालून करपलीय. आनि मेथी निवडलेली न्हाई, काड्या तशाच.”

भाच्यानं हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी माझ्या भाकरीची खालची बाजू बघितली. खरंच करपली होती, रुपयाएवढा काळा डाग होता. आक्का नावं ठेवत ठेवत अख्खी भाकरी संपवून माझ्यातली अर्धी मागत होती.

घरी पोचल्यावर, आक्काला भाकरी करपल्याची चव कळली, ही बातमी मी मंडळींना दिली. आनंदाची म्हणून दिली. त्यांनी ती तशी घेतली नाही.